चुलीमागचा विंचू आणि प्रयोगशाळेतलं नवं यंत्र

मैत्रिणींनो, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द हल्ली इतके कानांवर पडतात की कुकरच्या शिट्टीसारखं आपलं तिकडे लक्षही जाईनासं झालं आहे. मुलांच्या अभ्यासात ती आहे, यजमानांच्या ऑफिसात ती आहे, टीव्हीवर तर उठताबसता तीच. फोनवर तिला ‘उद्या डब्याला काय देऊ?’ असं विचारलं तर ती चांगले दहा पदार्थ सांगते, आणि त्यातले आठ आपल्या घरी कुणी तोंडात घालत नाही! ते असो. पण या यंत्राच्या बुद्धीचा एक उपयोग असा आहे की त्याचा संबंध थेट आपल्या गावच्या घराशी, पडवीतल्या सरपणाशी आणि भातखाचराच्या बांधाशी येतो. तो म्हणजे विषावर उतारा शोधणं. आज त्याबद्दल जरा निवांतपणे बोलू या.

सुरुवात पोलादपुरापासून करू. मुंबई-गोवा रस्त्याने महाड मागे टाकलं की सावित्रीच्या खोऱ्यात पोलादपूर लागतं. तिथून एक वाट आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढते, दुसरी कशेडी घाटातून खेडकडे जाते. चहूकडे डोंगर, डोंगराच्या कुशीत वाड्या, उतारावर भात, नाचणी आणि वरी. कितीतरी घरांतले कर्ते पुरुष पोटासाठी मुंबईकडे, सुरतेकडे गेलेले. मागे घर, गुरं आणि शेत सांभाळायला सासू आणि सून. आवण काढायचं तिने, लावणीला वाकायचं तिने, पेंढा रचायचा तिने, मोळीही तिच्याच डोक्यावर. साहजिकच दगडाखालचा विंचू आणि बांधावरचा साप यांच्याशी पहिली गाठ पडते तीही तिचीच, नाहीतर तिच्या पायात घुटमळणाऱ्या लेकराची.

तुम्ही म्हणाल, ‘अहो, आम्ही आता कल्याणला नाहीतर पुण्याला ब्लॉकमध्ये राहतो, आमच्याकडे कुठला आलाय विंचू?’ खरं आहे. पण गणपतीला गावी जाता ना? वर्षभर बंद असलेलं घर उघडता, माळ्यावरची भांडी खाली काढता, आणि रात्री चार घरची मुलं ओळीने जमिनीवरच्या गाद्यांवर निजवता. ते दिवस ऐन पावसाचे असतात. भारतातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा, की २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसं साप चावून गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि गेलेल्यांत साधारण एक चतुर्थांश पंधरा वर्षांच्या आतली मुलं. हा आकडा वाचला की गावच्या पडवीतली ती गाद्यांची ओळ डोळ्यांपुढे येते, नाही का?

बिरवाडीच्या दवाखान्यातल्या नोंदी

विषाच्या संशोधनाची गोष्ट आपण नेहमी परदेशातून आलेली ऐकतो. ही मात्र महाडची आहे, आणि ती आधी सांगितल्याशिवाय यंत्राची गोष्ट नीट कळायची नाही.

१९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. आजच्या जालना जिल्ह्यातल्या गरीब शेतकरी घरातला हा मुलगा, नागपूरला शिकून डॉक्टर झालेला. नाव हिम्मतराव बावस्कर. तुमच्यापैकी काहीजणींनी त्यांचं ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मचरित्र वाचलंही असेल. कोकणच्या जांभ्या दगडात, लाकडांच्या ढिगात, गोवऱ्यांत राहणाऱ्या लाल विंचवाचा दंश झालेली माणसं त्यांच्यासमोर येऊ लागली. त्यात मुलंच फार. विंचू म्हणजे रात्रभर ठणका आणि सकाळी आराम, अशी आपली समजूत. इथे तसं नव्हतं. मूल ओकायला लागे, दरदरून घाम फुटे, तोंडाला लाळ सुटे, हातपाय बर्फासारखे गार पडत, आणि काही तासांत धाप लागून तोंडातून गुलाबी फेस येई. प्रचलित उपचारांनी गुण येत नव्हता. गंभीर झालेल्या शंभरातले चाळीसच्या आसपास दगावत.

या डॉक्टरांनी केलं काय? तर ते रुग्णाच्या खाटेजवळ बसून राहिले आणि लिहीत राहिले. दंश किती वाजता झाला, उलटी कधी झाली, नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय कधी गार पडले, घाम कधी थांबला. यातूनच त्यांच्या लक्षात आलं, की ज्याला नुसत्या वेदना जोरात होताहेत तो बहुधा तरतो. ज्याला वेदना कमी, पण उलटी आणि घाम जास्त, त्याची काळजी करायची. घरातल्या बाईने कायम ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम सांगते. मूल रडायचं थांबलं म्हणजे उतार पडला असं समजू नका. कपाळाला घाम आहे का आणि तळवे गार आहेत का, ते हात लावून पाहा.

त्यांची ही निरीक्षणं १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे उपाय सापडला तोही त्या निरीक्षणांतूनच. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनच्या जातीच्या द्रव्यांचा नुसता पूर येतो आणि त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात. अंगणातल्या झाडांना पाणी घालताना रबरी नळी चिमटीत धरली तर मागे दाब कसा वाढतो, तसंच हे. हृदय त्या दाबाविरुद्ध झगडून थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. मग ही चिमूट सैल करणारं औषध का देऊ नये? असं औषध बाजारात होतंच, प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये या उपचाराबद्दलचा लेख आला. त्यावर दोन नावं होती, डॉ. हिम्मतराव बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर. (नवऱ्याच्या कामात आयुष्यभर खपणाऱ्या बायका आपण पुष्कळ पाहिल्या. त्यांचं नाव लेखावर छापून येताना क्वचितच पाहिलं, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.)

पुढे लाल विंचवावरचं प्रतिविषही आलं. त्या प्रतिविषासह प्राझोसिन आणि नुसतं प्राझोसिन यांची तुलना महाडलाच ७० रुग्णांवर केली गेली. तो अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. दोन्ही औषधं मिळालेले रुग्ण लवकर सावरले. चाळीसच्या घरातला मृत्यूचा आकडा शंभरात एकाच्या आसपास उतरला. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

या सगळ्यात यंत्र कुठेच नव्हतं. होती ती रात्रीची जागरणं आणि वही. हे मनात असू द्या.

विष म्हणजे नक्की काय?

आता आपल्याला इथून एकदम अमेरिकेत जायचं आहे. पण जाताना आपल्या लाल विंचवाच्या विषातली एक वस्तू बरोबर घेऊन जाऊ, म्हणजे पुढचं सोपं होईल.

साप-विंचवाचं विष म्हणजे एकच एक द्रव्य नसतं. ती असते अनेक प्रथिनांची मिसळण. प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ आणि अंडं आठवतं, पण शरीरातली जवळजवळ सगळी कामं प्रथिनंच करतात. एक प्रथिन म्हणजे मण्यांची एक माळ समजा. मणी वीस प्रकारचे. त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. कुठला मणी कुठल्या मण्यानंतर ओवलाय त्यावरून ती माळ आपोआप दुमडते आणि तिचा एक ठराविक आकार बनतो. आणि प्रथिनाचं सारं काम त्या आकारावर. किल्लीचे दाते जसे कुलपात बसतात, तसं प्रथिन आपल्या शरीरातल्या ठराविक जागी जाऊन बसतं. विषाचं प्रथिनही तेच करतं. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधल्या कुलपात ते जाऊन बसलं की स्नायूला निरोपच पोचत नाही. पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो.

१९९० साली आपल्या याच लाल विंचवाच्या विषातून अवघ्या ३७ मण्यांची एक माळ वेगळी काढली गेली. तिला आयबेरिओटॉक्सिन असं नाव आहे. पेशीच्या भिंतीत पोटॅशियमची ये-जा करणारी जी दारं असतात, त्यातलं एका विशिष्ट जातीचं दार तेवढं ती नेमकं बंद करते. ती इतकी नेमकी आहे, की जगभरच्या प्रयोगशाळा ते दार अभ्यासायला हीच माळ वापरतात. आपण चपलेने मारतो त्या विंचवाच्या नांगीत केवढी कारागिरी आहे पाहा!

तर मुद्दा हा, की विषाच्या किल्लीचा आकार कळला तर तिला कुलपात शिरू न देणारं झाकण बनवता येईल. अडचण एवढीच, की तो आकार कळणं महाकठीण. मण्यांचा क्रम ठाऊक असला तरी माळ कशी दुमडेल ते सांगता येत नसे. त्यासाठी प्रथिनाचे स्फटिक करून त्यावर क्ष-किरण टाकायचे, आणि एकेका आकारापायी कधी महिने तर कधी वर्षं घालवायची. असे सापडलेले आकार एका सामाईक भांडारात जमा करायला १९७१ मध्ये सुरुवात झाली. त्या वेळी जगाजवळ त्यात ठेवायला आकार होते फक्त सात! पन्नास वर्षांत ते दीड लाखाच्या पलीकडे गेले. हजारो माणसांनी, त्यात पुष्कळ बायकाही, एकेक करून जमवलेले.

यंत्र शिकलं कसं?

हा सगळा साठा यंत्राच्या पुढ्यात ठेवला गेला. गूगलच्या घरातल्या डीपमाइंड या कंपनीत डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांच्या मंडळींनी ‘अल्फाफोल्ड’ नावाचा संगणकी कार्यक्रम तयार केला. हा मण्यांचा क्रम, हा त्याचा आकार, अशी लाखो उदाहरणं पाहून तो नव्या क्रमाचा आकार ओळखायला शिकला. सुगरणीला पिठाचा गोळा हातात घेताच पोळी कशी होणार ते कळतं, कारण तिने हजारो पोळ्या लाटलेल्या असतात. यंत्राचंही तसंच. त्याला आपल्यासारखी समज आली असं कुणी म्हणू नये. त्याने फार पाहिलं आणि पाहिलेलं विसरलं नाही, एवढंच. २०२० च्या अखेरीस त्याचं कौशल्य जगासमोर आलं आणि २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजी आकार सगळ्यांना फुकट पाहता येऊ लागले.

पण आकार ओळखणं वेगळं आणि हवा तो आकार नवा घडवणं वेगळं. हे दुसरं काम अमेरिकेत सिॲटल शहरी वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड बेकर यांच्याकडे चालतं. (आडनाव बेकर असलं तरी ते पाव भाजत नाहीत, प्रथिनं घडवतात.) २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल निम्मं बेकर यांना आणि निम्मं हसाबिस व जंपर यांना मिळून दिलं गेलं, ते याच कामासाठी.

बेकर यांच्या यंत्राची रीत मोठी गमतीची आहे. दारातली सुंदर रांगोळी मुलांनी पाय पडून विसकटली, तर नुसता पसरलेला रंग पाहून मूळ रांगोळी कशी असेल ते तुम्ही ओळखाल का? यंत्राला हेच शिकवलं. खऱ्या प्रथिनांचे आकार मुद्दाम विसकटून त्याच्यापुढे टाकले आणि पूर्ववत जुळवायला लावले. लाखो वेळा हे केल्यावर त्याला असं वळण लागलं, की नुसता विसकटलेला पसारा दिला आणि सांगितलं ‘या विषाच्या किल्लीवर घट्ट बसेल असं काहीतरी जुळव’, तर ते कधीच अस्तित्वात नसलेलं नवं प्रथिन जुळवून दाखवतं.

जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या रीतीने घडवलेल्या विषउताऱ्याचा लेख आला. त्यात पुढे होती सुसाना वास्केस तोर्रेस ही तरुण संशोधिका. मेक्सिकोत वाढलेली, म्हणजे साप काय चीज आहे ते तिला आपल्यासारखंच ठाऊक. बरोबर डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातले टिमथी जेनकिन्स. त्यांनी निवडली ती नागकुळातल्या सापांच्या विषात आढळणारी, तीन बोटांच्या पंजासारखा आकार असलेली विषद्रव्यं. यंत्राने त्या पंजावर बसतील अशी झाकणं सुचवली. सुचवलेल्या पुष्कळांतली थोडी प्रयोगशाळेत खरोखर बनवून पाहिली, त्यातली चांगली निवडली आणि शेवटी उंदरांवर प्रयोग केला. प्राणघातक मात्रेचं विष मिळालेल्या उंदरांपैकी, विषाच्या आणि मात्रेच्या प्रकाराप्रमाणे, ८० ते १०० टक्के वाचले. विष टोचल्यावर काही मिनिटांनी उतारा दिला तरीसुद्धा.

घोड्याच्या रक्तातला उतारा

यात एवढं विशेष काय, हे कळायला आजचं सापाचं इंजेक्शन कसं तयार होतं ते पाहायला हवं. ती रीत १८९० च्या दशकातली, आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या काळची. घोड्याला सापाचं विष अगदी थोडं थोडं, वाढत्या मात्रेने टोचायचं. घोडा त्याला सरावतो, त्याच्या रक्तात विषाला धरणारी द्रव्यं तयार होतात. मग त्याचं रक्त काढून त्यातून प्रतिविष वेगळं करायचं. मुंबईच्या हाफकिनने हे काम वर्षानुवर्षं केलं आणि लाखो घरांतले दिवे विझता विझता वाचवले. त्याला नावं ठेवणं कृतघ्नपणा होईल.

पण त्याच्या उणिवाही आहेत. ते घोड्याच्या रक्ताचं असल्याने काही रुग्णांना त्याचीच उलटी प्रतिक्रिया येते, म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यावं लागतं. दुसरं असं, की आपल्याकडच्या प्रतिविषाला लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांतांत बदलतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं आहे. एकाच नावाचा मसाला प्रत्येक घरी वेगळा लागतो ना, तसं. तिकडच्या सापाच्या विषावर केलेला उतारा इकडे कधी कमी पडतो.

यंत्राने घडवलेली प्रथिनं लहान, टिकाऊ आणि उष्णता सोसणारी आहेत. ती घोड्यावाचून, सूक्ष्मजीवांकडून मोठ्या भांड्यांत करवून घेता येतात, साधारण आपण दह्याला विरजण लावतो तशी. लहान असल्याने ती दंशाच्या जागी मांसात लवकर शिरतील अशी आशा आहे. कारण आजच्या इंजेक्शनने जीव वाचला तरी पुष्कळांचं बोट किंवा पाय झडतो, आणि शेतात राबणाऱ्या बाईचा हात गेला तर त्या घराचं काय होतं ते मी सांगायला नको.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण वर्तमानपत्रांतले मथळे ती सांगत नाहीत. हा प्रयोग नागकुळापुरता आहे. आपल्या कोकणचं फुरसं आणि घोणस त्यात नाहीत. त्यांचं विष रक्त गोठण्याची शक्तीच नासवतं, त्याची जातकुळीच निराळी. आपला लाल विंचूही त्यात नाही. शिवाय प्रयोगात एकेक विषद्रव्य वेगवेगळं टोचलं होतं. खरा साप चावतो तेव्हा तो अख्खी मिसळण टोचतो. आणि उंदरापासून माणसापर्यंतची वाट मोठी लांबची, वर्षांची आणि पैशांची असते. ते पैसे कोण घालणार? कर्करोगाच्या औषधाला श्रीमंत देशांत गिऱ्हाईक आहे. सापाच्या औषधाचं गिऱ्हाईक म्हणजे पोलादपूरच्या वाडीतली अनवाणी बाई. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला उपेक्षित रोगांच्या यादीत घातलं, ते उगीच नाही. २०२४ मध्ये भारत सरकारने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. माझं मत विचाराल तर यंत्र आकार सुचवील, पण कारखाना काढायचं आणि गोदामापासून आडगावच्या दवाखान्यापर्यंत बाटली पोचवायचं काम माणसांनाच करावं लागेल.

आणखी एक. यंत्राला शिकवायला लागतात त्या नोंदी. प्रथिनांच्या आकारांचं भांडार पन्नास वर्षं कुणी भरलं नसतं, तर यंत्र शिकलं कशावरून असतं? आणि विंचवाच्या विषाने माणसाला नेमकं काय होतं, हे बिरवाडीच्या वहीत कुणी उतरवलं नसतं, तर कोणत्या किल्लीला झाकण घालायचं ते यंत्राला सांगणार कोण?

फोनला विचारू नका

आता आपल्या हातातल्या फोनकडे येऊ. हल्ली सापाचा फोटो दाखवून ‘हा विषारी की बिनविषारी?’ असं विचारणारी मंडळी भेटतात. असं चुकूनही करू नका, बाई. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार दिवसाउजेडी शेजारी ठेवले तरी जाणकारसुद्धा गोंधळतात, मग रात्री बॅटरीच्या उजेडात काढलेल्या हललेल्या फोटोची काय कथा! यंत्र चुकलं तरी ठामपणेच बोलतं, आणि त्याच्या एका ‘बिनविषारी’पायी पहाटेपर्यंत घरी बसून राहिलात तर ते तास परत मिळत नाहीत.

शिवाय साप ओळखायची गरजच नसते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून आपल्याकडे एकच इंजेक्शन आहे. ते द्यायचं की नाही हे डॉक्टर रुग्णाच्या लक्षणांवरून ठरवतात. घोणस-फुरशाच्या विषाची परीक्षा तर किती साधी! कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी कलती करून रक्त गोठलं का ते पाहायचं. नाही गोठलं, तर विष भिनलं आहे. नव्या यंत्रांच्या गोष्टी ऐकताना ही चार पैशांची नळी विसरायला नको.

तेव्हा गावी काय करायचं ते थोडक्यात. दंश झाला की त्या हाता-पायातल्या बांगड्या, अंगठ्या, जोडवी, पैंजण आधी उतरवा, सूज आली की निघत नाहीत. हात किंवा पाय फळकुटाला सैलसर बांधून हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवा. करकचून दोरी बांधू नका, ब्लेड लावू नका, तोंडाने ओढू नका, पाला लावू नका. सासूबाई भगताकडे न्यायचं म्हणाल्या, तर वाद घालत बसू नका. ‘आधी दवाखाना, मग तुम्ही म्हणाल तिथे जाऊ’ म्हणा आणि निघा. रुग्णाला चालवू नका. मण्यारीचा दंश बहुधा झोपेत होतो आणि कळतसुद्धा नाही, म्हणून पहाटे कुणाच्या पोटात कळ येऊन पापण्या जड होऊ लागल्या तर ‘अपचन झालं असेल’ म्हणून ओवा देत बसू नका. विंचवाच्या बाबतीत घाम, उलटी आणि गार तळवे ही खूण वर सांगितलीच. प्राझोसिनची गोळी मात्र घरात आणून आपल्या मनाने कुणाला देऊ नका, तिने रक्तदाब एकदम उतरतो. ती डॉक्टरांनीच द्यायची.

सरपण आणि गोवऱ्या घराच्या भिंतीपासून लांब रचा. मुलांच्या चपला रात्री उंचावर ठेवा आणि सकाळी झटकून द्या. जमिनीवर निजणार असाल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. डासांबरोबर मण्यारही बाहेर राहते.

आणि गावी पोचल्याच्या पहिल्याच दिवशी, सामान लावायच्या आधी, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत तीन गोष्टी लिहून ती बाजू वर करून टांगा. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक, सापाचं इंजेक्शन असलेला सर्वांत जवळचा दवाखाना, आणि वाडीतल्या ज्याची जीप रात्री दोन वाजतासुद्धा निघू शकेल त्याचा फोन नंबर.